काठाखालचा हात

काठाखाली घातलेला हात ओरखडला नाही. झालं ते एवढंच, पण तपासनीस जागच्या जागी थबकला. हात बाहेर काढून त्याने बोटं डोळ्यांसमोर धरली, उलटीसुलटी करून पाहिली. कुसळ नाही, रक्त नाही, पांढरा भुगासुद्धा नाही. फायबरच्या बोटीच्या काठाखाली, आतल्या अंगाला हात घालायचा म्हणजे काटेरी कुंपणात हात घालण्यासारखं. बाहेरून बोट आरशासारखी असते, पण काठाच्या खाली, जिथे वाकून बघायला कुणी जात नाही, तिथे काचेचे धागे तसेच पिंजारलेले सोडून दिलेले असतात. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचा हात आधीच अंग चोरून, दुखायची तयारी करून आत गेला होता, आणि आत दुखायला काही मिळालंच नाही. जिना संपलाय हे न कळून आणखी एक पायरी उतरायला जावं आणि पाय जमिनीवरच धपकन आपटावा, तसा तो हात गडबडला. त्याने पुन्हा घातला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटीच्या कडेने चालत, तळवा वर करून. गुळगुळीत. नुसतं गुळगुळीत नाही, तर घासून, पुसून, वर रंगाचा हात दिलेलं. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये अजून लोकांना सोडलं नव्हतं. छतावरच्या दिव्यांच्या लांब नळ्या एकेक करून पेटत होत्या, कुणीतरी गालिच्यावरून झाडणी फिरवत होतं, आणि नव्या राळेचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास सगळीकडे भरून राहिला होता. खांबाच्या आड, स्वच्छतागृहाच्या दाराजवळ, जिथे कुणाला जागा द्यायची नसते तिथे ही बोट उभी केलेली. रंग राखाडी हिरवा, साचलेल्या पाण्यासारखा. नावावर इतरांसारखीच कागदी पट्टी चिकटवलेली, म्हणजे बनवणारा कोण ते परीक्षकांना कळू नये. गळ टाकून मासे धरण्याची हौस असलेल्या माणसांसाठी बनवलेली छोटी बोट. अशा बोटी त्या हॉलमध्ये रांगेने उभ्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक तिच्यापेक्षा कितीतरी देखण्या होत्या.

तसा तो वर्षभर मेलेल्या बोटीच बघायचा. विमा कंपनी बोलवायची तेव्हा बोट किनाऱ्यावर पोट फुटून पडलेली असायची, नाहीतर एखाद्या गोदामात ताडपत्रीखाली, आणि त्याचं काम म्हणजे ती कशाने गेली ते सांगायचं. खडकाने गेली, मालकाने गेली की बनवणाऱ्याने गेली. पुष्कळदा बनवणाऱ्याने. थर नीट चिकटलेले नसायचे, स्क्रूच्या भोकातून लाकडात पाणी मुरलेलं असायचं, दोर बांधायच्या खुंटीमागे आधाराची पट्टीच नसायची. इतकी वर्षं हेच बघून त्याच्या बोटांना चांगलं ओळखण्याची सवय उरली नव्हती. भेगेवर ती आपोआप थांबायची, भेग नसेल तर पुढे सरकायची. घरीही तेच. कलिंगड असो, दार असो, भाड्याने बघायला गेलेल्या घराची भिंत असो, तो वाजवून बघायचा. बायको चारचौघांत म्हणायची, "एवढं सगळं वाजवून घेतात, मला मात्र न वाजवताच पसंत केलं. आता भोगा." लोक हसायचे, तोही हसायचा. वर्षातून एकदा या प्रदर्शनाचं परीक्षण करायला तो हौसेने यायचा खरा, पण अलीकडे त्या हौसेतही काही राम राहिला नव्हता. नव्या बोटीकडे बघताना त्याला ती पुढे कुठून फुटणार तेच दिसायचं. काल रात्री कपडे काढून ठेवताना तो बायकोला म्हणालाही होता, की यंदाचं शेवटचं, पुढच्या वर्षी दुसरा कुणी बघा म्हणून सांगतो. आणि आता सकाळी सकाळी, चहासुद्धा धड पोटात गेला नसताना, एका काठाखाली हात घालून तो उभा होता आणि छातीत काहीतरी उड्या मारत होतं.

त्याने खिशातून हातोडी काढली. रबरी टोकाची, छोटी, दांडा अंगठ्याच्या जागी झिजलेला. पुढच्या टोकापासून त्याने वाजवायला सुरुवात केली. ठण्. थर घट्ट बसलेले असले की आवाज असा कोरडा, आखूड येतो. आत हवा राहिली असली की तो बद्द होतो, ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा. ठण्, ठण्, ठण्. वळणावर नेमकी हवा अडकते, तिथे तो कान लावून वाजवू लागला. ठण्. इंजिन अडकवायची मागची फळी. ठण्. अरे! तो गुडघ्यांवर बसला, मग पालथा झाला, गालिच्याचा खरखरीत स्पर्श गालाला लागला आणि त्याने खालून, पोटाकडून वाजवलं. परीक्षकाने नव्या सदऱ्यात असं लोळू नये हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. वर चढून त्याने मासे जिवंत ठेवायच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकीचे कोपरे गोल होते, म्हणजे माशाने कितीही धडका मारल्या तरी त्याचं तोंड सोलवटणार नाही. पाणी जायचं भोक खरोखरच सगळ्यात खालच्या जागी होतं. लोक म्हणतील यात काय मोठंसं, पण भोक सगळ्यात खाली असलेली टाकी त्याने शेवटची कधी पाहिली होती ते त्याला आठवेना. बहुतेक टाक्यांत कोपऱ्यात घोटभर पाणी राहतंच, आणि मग ते कुजतं. त्याने कप्पे उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. एखादं चांगलं पुस्तक हातात पडावं आणि आता हे संपेल म्हणून मुद्दाम सावकाश वाचावं, तसा तो पुढे जात होता. एका कप्प्यापाशी त्याच्या ध्यानात आलं, की मघापासून आपण सगळं डाव्या हाताने उघडतोय. उजव्या हातात हातोडी आहे आणि डावा हात जाईल तिथे कडी आहे. प्रत्येक कडी. तो ताडकन उभा राहिला. अर्थात! गळ टाकणाऱ्याच्या उजव्या हातात काठी असते. मासा लागला, काठी वाकली, तर माणूस काठी सोडून कडी उघडणार का? डावाच हात मोकळा असतो. जगातल्या सगळ्या बोटींच्या कड्या उजव्या हाताला असतात, कारण त्या बनवणाऱ्यांचे हात उजवे असतात, आणि आजवर हे कुणाला, म्हणजे त्याला स्वतःलाही, सुचलं नव्हतं. तो एकटाच मोठ्याने हसला. झाडणारा माणूस थांबून बघू लागला.

मग त्याने सुकाणूखालची फळी उघडली. आत तारांची जुडी होती, सुरेख विंचरलेली, आणि ठरावीक अंतराने मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. प्लास्टिकच्या पट्ट्या नव्हत्या, दोरा होता. दोऱ्याच्या गाठीवर त्याने बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं. गाठ उलटी होती. शेंडा ज्या बाजूने यायला हवा त्याच्या विरुद्ध बाजूने येऊन, स्वतःच्याच पोटाखाली दडलेला. ही गाठ त्याला माहीत होती. त्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, अशा गाठीवर बायकोने कितीदा तरी कात्री चालवली होती. "या माणसाची गाठ देवालाही सुटायची नाही," म्हणत. तिच्या धाकट्या बहिणीकडून येणाऱ्या प्रत्येक खोक्याला हीच गाठ असायची, आणि ती बांधायचा धाकटीचा नवरा. त्याचा साडू. डावखुरा साडू, जेवायला बसताना कायम टेबलाच्या टोकाची खुर्ची पकडणारा, म्हणजे कोपर कुणाला लागू नये. तपासनीसाने फळी अलगद लावली, पुन्हा उघडली, पुन्हा पाहिलं. गाठ तीच होती.

साडू! साडू म्हणजे घरातल्या हशाचा हुकमी विषय. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात त्याने घराच्या गच्चीवर प्लायवूडची बोट बनवली होती आणि दोन्ही घरच्यांना तीत बसवून पाण्यात नेलं होतं. काठापासून जेमतेम दगड जाईल एवढ्या अंतरावर गेल्यावर बोट खालून गळायला लागली. गळती कुठून आहे ते साडू मोठमोठ्याने समजावून सांगत होता, सासरेबुवा डोक्यावर टोपी आणि मांडीवर डबा घेऊन ताठ बसून होते, आणि पाणी चढत चढत त्या डब्यापर्यंत आलं तेव्हा ते शांतपणे एवढंच म्हणाले होते, "जावईबापू, आता आपण पोहायचं का?" पाणी कमरेएवढंच होतं, सगळे चालत बाहेर आले. पण ती गोष्ट काही बाहेर आली नाही; ती घरात मुरली. दर लग्नात, दर बारशाला कुणीतरी म्हणायचं, सांगा ना ती बोटीची, आणि ती सांगावी तपासनीसानेच. सासऱ्यांचा आवाज त्याला हुबेहूब जमायचा. साडूही हसायचा, सगळ्यांत मोठ्याने हसायचा, आणि हसता हसता उठून पाणी आणायला आत जायचा. पुढे तो दुसऱ्या गावी गेला. पाण्याच्या टाक्या, न्हाणीघरातले टब असलं काहीबाही फायबरचं बनवतो म्हणे. टब, म्हणजे साडूच्या लायकीचं, पाणी आतच राहिलं पाहिजे असं काहीतरी, हा विनोदही तपासनीसाचाच. आणि तो माणूस तिकडे बसून कोपरे गोल करत होता. काठाखालून हात फिरवत होता. किती बोटी बनवून मोडल्या असतील त्याने, कुणाला न सांगता?  तपासनीसाने बोटीतच बसून बायकोला फोन लावला.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"काय म्हणजे? साडूबुवांनी बोट आणलीय ते."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. "कळलं वाटतं! धाकटी म्हणाली, दादांना सांगू नकोस. सांगितलं असतं तर तुम्ही हातोडी घेऊन तिच्या दारात उभे राहिला असतात."

"मी कशाला उभा राहतोय?"

"बरं, ते जाऊ दे. कशी आहे?"

त्याला सांगायचं होतं. कोपऱ्यांबद्दल, कड्यांबद्दल, त्या ठण् आवाजाबद्दल, सगळं एका दमात. पण तोंडून एवढंच निघालं, "बघतोय."

"बघतोय म्हणजे? तरंगेल का नाही?"

"ते आत्ता नाही सांगता येत. मी परीक्षक आहे."

"परीक्षक म्हणे," ती हसत म्हणाली. "आवाज तर यात्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखा येतोय."

फोन ठेवल्यावर मात्र त्याला कसंसंच झालं. मघाशी हात गुळगुळीत काठावरून फिरला तेव्हा त्याला काही ठाऊक नव्हतं, तेव्हाची हाताची साक्ष खरी. पण आता? त्याने पुन्हा वाजवायला घेतलं, आणि आता तो हट्टाने बद्द आवाज शोधत होता. एकदा तरी बद्द वाज, म्हणजे मी माणसात येईन, असं काहीसं त्याच्या मनात चाललं होतं. बोट वाजत होती तशीच वाजली. मग तो शेजारच्या बोटीकडे वळला. लाल, लांबलचक, डोळे दिपवणारी, आल्यापासून सगळे तिच्याचभोवती घुटमळत होते. त्याने तिच्या काठाखाली हात घातला. कुसळ सपकन करंगळीत घुसलं आणि त्याला आनंद झाला. लख्ख, भरभरून आनंद झाला. करंगळी तोंडात धरून तो तसाच उभा राहिला आणि त्या आनंदाचीच त्याला भीती वाटली. इतक्या वर्षांत त्याने बोटींचे दोष काढले होते, पण दोष निघावा अशी इच्छा त्याच्या हाताने कधी धरली नव्हती. आज धरली. म्हणजे हा हात आज कामाचा नाही.

संयोजक बाई प्रवेशद्वारापाशी खुर्च्या मांडून घेत होत्या. "बाई, त्या कोपऱ्यातल्या हिरव्या बोटीवाल्याशी माझं नातं आहे," तो म्हणाला.

"कोणतं?"

"साडू."

बाईंनी चष्मा कपाळावर सारला. "अहो, नियमात रक्ताचं नातं म्हटलंय. साडू रक्तात कुठे येतो? बसा तुम्ही खुशाल."

हे त्याने धरलंच नव्हतं. खुशाल बसता येत होतं. शिवाय तो उठला तर मागे दोघंच उरत होते: इंजिनवाल्या बाई, ज्यांना इंजिनापलीकडे बोट असते हे मान्य नव्हतं, आणि मासिकात लिहिणारा तो गोरागोमटा गृहस्थ, जो दुरूनच डोळे बारीक करून रंग बघायचा. यांतलं कोण वाकून काठाखाली हात घालणार? कोण टाकीचं भोक बघणार? तो उठला तर ती बोट खांबाआडच राहणार. त्याने हात पुढे केला. हात थरथरत होता.

"बरं वाटत नाही का?" बाईंनी घाबरून विचारलं.

"उलट, फार बरं वाटतंय. तीच पंचाईत आहे. या हाताने आज खरं मोजमाप व्हायचं नाही." आणि छातीवरचा परीक्षकाचा बिल्ला काढून त्याने त्यांच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी एकदा बिल्ल्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या पोटाकडे. "मग दुपारी पाण्यातल्या चाचणीला वजन म्हणून बसाल का? भरलेली बोट कशी चालते ते बघायचंय, आणि वाळूची पोती काही आली नाहीत. पहारेकऱ्याला एकाला धरलंय, आणखी एक माणूस हवा."

"बसतो," तो म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्याला कुणी नुसतं वजन म्हणून बोलावलं होतं.

दुपारी धक्क्यावर लख्ख ऊन होतं, पाण्यावर वाऱ्याने बारीक खडबडीत लाटा उठल्या होत्या, आणि साडू टोकाला एकटाच उभा होता. केस पार पांढरे झाले होते त्याचे. एरवी मैलावरून हाका मारणारा माणूस आज हात पाठीमागे बांधून गप्प होता. तपासनीस जवळ आला तसं त्याने आधी त्याच्या चेहऱ्याकडे नाही, छातीकडे पाहिलं.

"दादा, बिल्ला कुठाय?"

"काढून ठेवला."

"का?" आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी कळल्यासारखं झालं. चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग उतरला. "कळलं वाटतं तुम्हाला, कुणाची ते. म्हणजे... इतकी वाईट आहे का? तुमचं नाव लागू नये एवढी?"

"छे, तसं नाही हो, साडूबुवा, ऐका..."

"चला, वजनवाले, चला!" इंजिनवाल्या बाई बोटीतून ओरडल्या. इंजिन सुरू झालं होतं. पहारेकरी आधीच पाय पसरून बसला होता आणि मासिकवाले हातात गळाची काठी घेऊन फोटोला उभं राहावं तसे उभे होते. तपासनीस अर्धवट वाक्य धक्क्यावरच टाकून बोटीत उतरला. मागे वळून पाहिलं तर साडू मान खाली घालून दोर सोडवत होता. त्याला ओरडून सांगावं असं वाटलं, पण काय ओरडणार? बोटीत दोन परीक्षक बसले होते, आणि बोट छान आहे असं त्यांच्या कानात ओरडायचा हक्क त्याने सकाळीच टेबलावर ठेवून दिला होता.

बाईंनी इंजिनाची मूठ पुढे ढकलली. बोटीने एकदा नाक वर केलं, आणि एकदम, कुणी खालून तळहातावर उचलून घ्यावं तशी ती पाण्यावर चढली. तपासनीसाने काठ घट्ट धरला. पहिली लाट आली. अशा बोटीत लाट कशी लागते ते त्याला पाठ होतं, फाडकन लागते, मणक्यातून दातांपर्यंत येते. ही लाट आलीच नाही. आली, पण कापडाची घडी कापावी तशी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून गेली आणि एक थेंब आत आला नाही. दुसरी. तिसरी. "आयला!" पहारेकरी म्हणाला. बाईंनी काही न सांगता सुकाणू पूर्ण फिरवलं, बोट काठापर्यंत कलली, सगळं क्षितिज उभं राहिलं, उन्हाचे तुकडे डोळ्यांत घुसले, आणि आतून कुठे कुरकुर नाही, कचकच नाही, ती सलग एका अंगाने वळली आणि सरळ झाली. तपासनीस ओरडला. शब्द नव्हता तो, नुसता आवाज होता, पोटातून आलेला. त्याला स्वतःलाच कळेना तो कुठून आला. इतकी वर्षं बोटीत बसलं की त्याचे कान खाली, तळाशी असायचे, आत्ता काय तुटेल याच्यावर. आज कान वाऱ्यात होते. "पुन्हा! बाई, पुन्हा एकदा!" बाईंनी आश्चर्याने मागे पाहिलं. "कशी वाटते?" त्यांनी विचारलं. "मला विचारू नका," तो ओरडला, "मी वजन आहे!" आणि हसत सुटला. मासिकवाल्यांच्या डाव्या हाताला कडी सापडली होती आणि ते कप्पा उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. त्याने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. आपण साडूवर इतकी वर्षं हसलो ते आज इकडे कुठेतरी पाण्यात सांडून जातंय असं त्याला वाटलं. की आपण अजूनही हसतोच आहोत, फक्त हसण्याची जात बदललीय? आणि मग परतीच्या वाटेवर, एका उलट्या लाटेवर, त्याला ऐकू आलं. खडखड. अगदी बारीक. मागच्या झाकणाची बिजागरी. वाऱ्यातून कान आपोआप खाली आले. पुढच्या लाटेला पुन्हा: खडखड. झाकण जड आणि बिजागरी हलकी. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी सकाळपासून जे म्हणायचं होतं त्याला अचानक तोंड फुटावं तसं झालं.

धक्क्यावर साडू तसाच उभा होता. दोर पकडायला तो वाकला तेव्हा त्याने कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही. इंजिनवाल्या बाई उतरून गेल्या, मासिकवाले काहीतरी पुटपुटत गेले, पहारेकऱ्याने साडूच्या खांद्यावर थाप मारली. तपासनीस बोटीतून उतरलाच नाही. तो मागे जाऊन त्या झाकणापाशी उकिडवा बसला.

"मागच्या झाकणाची बिजागरी हलकी पडतेय," तो म्हणाला. "वर्षभरात स्क्रू सैल होतील, मग भोकातून पाणी मुरेल. ती बदल."

साडूने मान वर केली. बदल म्हटलं होतं, बदला नाही. तपासनीसाच्या तोंडून साडूसाठी कधी 'तू' निघालं नव्हतं, आणि साडूच्या कुठल्याही वस्तूचा दोषही त्याने कधी काढला नव्हता. दोष काढण्याजोगी ती कधी मानलीच नव्हती. साडूचा चेहरा हळूहळू, कोपऱ्यांपासून उजळत गेला.

"बाकी?" त्याने विचारलं. 

"बाकी काय? बाकी काठाखाली हात घालून बघ, कसा सुखरूप बाहेर येतो ते."

"घातला होतात?"

"नाही तर काय! बिल्ला त्यासाठीच काढला, येड्या. हात थरथरत होता माझा. पेचकस आहे का?"

साडूने धक्क्यावरून उडीच टाकली. दोघे पालथे पडले, डोकी झाकणाखाली, पाय उन्हात. साडू बोलत सुटला होता, नेहमीसारखा, न थांबता: की बिजागरीचा त्याला संशय होताच, पितळी मागवली होती ती आली नाही, की गोल कोपऱ्यांसाठी त्याने साचा कितीदा तोडला, की धाकटीने एकदा तोच साचा वाळवणाला वापरला. तपासनीस मध्ये मध्ये "हं, हं" करत स्क्रूच्या टोकावर नजर लावून होता. वर, हॉलच्या भोंग्यातून नावं वाचली जाऊ लागली. टाळ्या वाजल्या. पहिला क्रमांक लाल बोटीला गेला. मग दुसरा, भोंगा खरखरला, थांबला, आणि हिरव्या बोटीच्या मालकांनी मंचावर यावं असं म्हणाला. कुणी येईना तेव्हा पुन्हा म्हणाला. धक्क्याच्या त्या टोकाकडून धाकटी हाका मारत, पदर सावरत पळत येत होती.

साडू उठू लागला. "दादा, माझंच नाव घेतायत बहुतेक..."

"घेऊ देत," तपासनीस म्हणाला, आणि त्याची बाही धरून त्याने त्याला परत खाली ओढलं. "स्क्रू अर्धा बाहेर आलाय. डाव्या हाताने जरा खालून दाब बघू. तुझा पोचतोय तिथे."